उजव्या पायाचा लेफ्ट बॅक

१९९० च्या मे महिन्यात आमच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, सायकलवरून पडला आणि मनगट मोडून घरी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ग्राऊंडवर आमच्या कोच अण्णांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडं बोट केलं. “तू डावीकडं.” मी सोळा वर्षांचा होतो. राईट हाफला खेळायचो. माझा डावा पाय फक्त उभं राहायच्या कामाचा होता, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. अण्णा म्हणाले, “उजवा पाय सगळ्यांकडंच असतोय. डाव्याला कामाला लाव.”

कोल्हापूरचं फुटबॉल ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. आमच्याकडं कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलच्या टीम काढल्या. पेठेची तालीम तीच पेठेची टीम. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की त्या दिवशी पेठेत दुकानदारसुद्धा अर्धं शटर ओढून जातात. अशा गावात बॅकला खेळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात. बॅकचं नाव लोकांच्या तोंडी येतं ते गोल खाल्ल्यावर.

तालमीच्या मागं एक भिंत होती, दगडी, खालून चुना उडालेली. त्या भिंतीवर रोज डाव्या पायानं दोनशे वेळा बॉल मारायचा, असं अण्णांनी ठरवून दिलं. पहिल्या आठवड्यात बॉल भिंतीवरून येईपर्यंत माझं अंग आपोआप वळायचं आणि उजवा पाय पुढं यायचा. अण्णांनी माझ्या उजव्या पायातला बूट काढून ठेवला. अनवाणी पायानं तो टणक, शिवण उसवलेला बॉल मारून बघा एकदा. तीन दिवसांत उजव्या पायानं पुढं यायचं सोडलं.

पुढच्याच महिन्यात इटलीत वर्ल्ड कप सुरू झाला. शेजाऱ्यांच्या घरी दूरदर्शनवर मॅच बघायला आम्ही दाटीवाटीनं बसायचो. सगळ्यांचं लक्ष इटलीच्या फॉरवर्डकडं, स्किलाचीकडं, रॉबेर्तो बाज्जोकडं. मी मात्र लेफ्ट बॅक कुठं उभा राहतो एवढंच बघत होतो, कारण मला दुसऱ्या दिवशी तिथंच उभं राहायचं होतं. तीन नंबरची जर्सी, उंच, मोकळे केस. वय बावीस, म्हणजे माझ्यापेक्षा फक्त सहा वर्षांनी मोठा. पाओलो माल्दिनी. इटलीनं पहिल्या पाच मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नव्हता. नेपल्सच्या सेमी फायनलमध्ये अर्जेंटिनाच्या कानिजियानं हेडर मारला तेव्हा कुठं इटलीचा गोली (गोलकीपर) झेंगाच्या जाळ्यात पहिला बॉल गेला, तोवर त्याची ५१७ मिनिटं झाली होती. इटली पेनल्टीवर हरली आणि आमच्या खोलीतली निम्मी पोरं मॅराडोनासाठी नाचली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तो माणूस उजव्या पायाचा आहे हे मला दोन वर्षांनी समजलं. वाचनालयात इंग्रजी क्रीडा साप्ताहिकं यायची, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचो. त्यात एका ओळीत लिहिलं होतं: मुळात उजव्या पायाचा, पण मिलान क्लबकडून डावीकडं खेळतो. ती ओळ मी परत परत वाचली. एवढ्या मॅच पाहिल्या होत्या, फक्त त्याच्याकडंच बघत पाहिल्या होत्या, तरी मला ते ओळखता आलं नव्हतं.

हे इतकं विशेष का, ते खेळणाऱ्याला लगेच कळेल. उजव्या पायाचा माणूस डावीकडं बॅकला लावला की त्याची एक बाजू पक्की असते आणि एक उघडी. समोरचा विंगर (कडेनं पळणारा फॉरवर्ड) आत, म्हणजे मैदानाच्या मध्याकडं वळला तर बॉल तुमच्या उजव्या पायाकडं येतो. तिथं तुम्ही राजे. पण तो बाहेरून, लाईनीच्या कडेनं निघाला की काम डाव्या पायाचं असतं. डावा कच्चा असेल तर तुम्ही अंग फिरवून उजवा पाय मध्ये घालायला जाता, त्यात अर्धं पाऊल जातं, आणि चांगल्या विंगरला अर्धं पाऊल पुरतं. बॉल मिळाल्यावरही तेच. उजव्या पायावर घ्यायचा म्हणजे तोंड आतल्या गर्दीकडं होतं आणि विरोधी फॉरवर्ड नेमका तिथंच टपलेला असतो. म्हणून हुशार विंगरला पहिल्या दहा मिनिटांत कळतं की हा कुठल्या पायाचा. कळलं की तो तुम्हाला दिवसभर बाहेरून पळवतो. माल्दिनीबद्दल ते वीस-पंचवीस वर्षं कुणालाच उपयोगी पडलं नाही, कारण त्याचे दोन्ही पाय सारखे झाले होते. आत या नाहीतर बाहेरून जा.

त्याची सुरुवातही उजवीकडूनच झाली. २० जानेवारी १९८५, उडिनेसेविरुद्ध बाहेरगावची मॅच, हाफ टाईमला बात्तिस्तिनीच्या जागी कोच नील्स लीडहोमनं या सोळा वर्षांच्या पोराला आत पाठवलं. त्या सीझनमधली लीगची ती त्याची एकुलती एक मॅच. पुढच्या सीझनपासून तो टीममधून हलला नाही तो २००९ पर्यंत. उजवीकडं मिलानकडं माऊरो तास्सोत्तीसारखा मुरलेला बॅक होता, त्यामुळं जागा उरली ती डावीकडची.

त्याच्या डोक्यावर वडिलांचंही ओझं होतं. चेझारे माल्दिनी मिलानचे कॅप्टन, स्वतः डिफेंडर. १९६३ मध्ये वेम्बलीवर बेनफिकाला २-१ हरवून मिलाननं पहिला युरोपियन कप जिंकला तो त्यांनी उचलला. एवढा मोठा खेळाडू, पण मागं बॉल पायात खेळवायची त्यांना सवय आणि त्यातून कधीतरी चूक व्हायची, तर इटलीत लोकांनी त्या चुकीला त्यांच्याच आडनावावरून शब्द पाडला. ‘माल्दिनाता’. डिफेंडरच्या नशिबात हे असंच. कपाला त्यांचं नाव दिलं नाही, चुकीला दिलं. अशा बापाचा पोरगा त्याच क्लबात, त्याच कामाला आला. लोक काय म्हणत असतील ते मला इथं बसूनही ऐकू येतं. आमच्या पेठेतही अमक्याचा पोरगा म्हणून टीममध्ये आलेल्याला पहिलं वर्षभर काय काय ऐकावं लागतं ते मी पाहिलंय.

१९८७ मध्ये आरिगो साक्की मिलानला कोच म्हणून आला. हा माणूस कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नव्हता, त्याआधी बूट विकायच्या धंद्यात होता. त्यानं मागच्या चौघांना जे शिकवलं ते आजही माझ्या अंगावर काटा आणतं. उजवीकडं तास्सोत्ती, मध्ये फ्रांको बारेसी आणि कोस्ताकुर्ता, डावीकडं माल्दिनी. चौघं एका दोरीला बांधल्यासारखे वर-खाली व्हायचे. पुढच्या फॉरवर्डपासून शेवटच्या बॅकपर्यंत पंचवीस मीटरच्या आसपासच अंतर राहिलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. बारेसीचा हात वर गेला की चौघं एकदम पाऊल पुढं टाकणार आणि समोरचा फॉरवर्ड बॅकच्या पलीकडं राहून ऑफसाईडला अडकणार. साक्कीनं स्वतः सांगितलेला प्रसंग आहे. टीममधल्या गुलिट आणि व्हान बास्टेन या फॉरवर्डना हे पटवायला त्यानं गोली आणि हे चार बॅक एका बाजूला ठेवले, समोर दहा जण दिले, त्यात हे दोघंही. पंधरा मिनिटं. बॉल गेला की दहा जणांनी पुन्हा आपल्या हाफमधून सुरुवात करायची, एवढाच नियम. पाचांनी दहांना गोल करू दिला नाही.

हे वाचल्यावर मी आमच्या टीमच्या चार बॅकना घेऊन सकाळी दोरीच बांधली होती. खरी दोरी, विहिरीच्या रहाटाची. कमरेला बांधून इकडून तिकडं सरकायचं. दोन दिवस पोरं पडली. तिसऱ्या दिवसापासून शेजारचा हलला की आपण न बघता हलायला लागलो. अण्णा कट्ट्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, पण त्यांनी कुणालाही ती दोरी सोडायला सांगितली नाही.

अण्णांचा मूळ पिंड पैलवानाचा. बॅकला ते एकच गोष्ट सांगायचे: “पायाकडं बघू नको. पाय खोटं बोलतोय. कंबरंकडं बघ.” समोरचा बॉलवरून कितीही पाय फिरवू दे, कंबर ज्या बाजूला जाईल तिकडंच माणूस जाणार. कुस्तीत हेच. माल्दिनीची कुठलीही जुनी मॅच काढा आणि विंगर समोर आल्यावर फक्त त्याचे डोळे आणि गुडघे बघा. अंग तिरकं, गुडघे वाकलेले, मधलं अंतर दोन हातांचं, आणि नजर समोरच्याच्या कमरेवर. पाय मारायची घाई नाही. तो मागं मागं सरकत राहतो, समोरचा त्याला हवा तिकडं जातो, आणि मग कधीतरी बॉल जरा लांब पडतो. तेवढ्यात तो घेतलेला असतो. चिखलात लोळून केलेली टॅकल लोकांना आवडते, गॅलरी उठून उभी राहते. माल्दिनीला ती करावी लागायची फार कमी वेळा, आणि मला त्याचं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

१९९४ साल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या सीझनला मिलाननं इटलीची लीग जिंकली ती ३४ मॅचमध्ये फक्त ३६ गोल मारून. मॅचला जेमतेम एक. पण खाल्ले किती? पंधरा. गोली सेबास्तियानो रॉस्सीनं सलग ९२९ मिनिटं बॉल आत जाऊ दिला नव्हता. त्याच्या आधी १९९१ ते १९९३ दरम्यान लीगमध्ये सलग ५८ मॅच ही टीम हरलीच नव्हती.

मग १८ मे १९९४, अथेन्स, युरोपची फायनल. समोर योहान क्रायफची बार्सिलोना. रोमारियो, स्टॉइचकोव्ह. मिलानचे बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही सस्पेंड. म्हणजे मागचा कणाच काढून घेतलेला. माल्दिनीला लेफ्ट बॅकवरून उचलून मध्ये आणलं, शेजारी फिलिप्पो गाल्ली. सगळ्यांनी बार्सिलोनाचाच जयजयकार चालवला होता. मिलाननं ४-० नं मॅच मारली आणि रोमारियो मोकळा झालेला फारसा दिसलाच नाही.

दोनच महिन्यांनी तोच रोमारियो परत समोर आला, पिवळ्या जर्सीत, बेबेतोला घेऊन. वर्ल्ड कपची फायनल, पॅसाडिना. आपल्याकडं १८ जुलैच्या रात्री एक वाजता सुरू झाली. मी विसाचा होतो, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागून वर्ष झालं होतं आणि सकाळी आठला हजेरी होती. तरी बसलो. तास्सोत्ती आणि कोस्ताकुर्ता सस्पेंड. बारेसी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साडेतीन आठवड्यांतच मैदानात. माल्दिनी पुन्हा मध्ये, आपली जागा सोडून. पस्तिसाव्या मिनिटाला राईट बॅक मुस्सीही बाहेर गेला. एकशेवीस मिनिटं बारेसी आणि माल्दिनीनं ब्राझीलला गोल करू दिला नाही. पुढं पेनल्टीत बारेसीनं बॉल वरून घालवला, मस्सारोचा गोलीनं अडवला, बाज्जोनंही वरून घालवला. सगळं जग बाज्जोची खाली घातलेली मान लक्षात ठेवून आहे. मला त्या मॅचमधला बारेसी दिसतो, पायात गोळे येऊन जमिनीवर पडलेला. मी त्या दिवशी लेथवर पाच पीस खराब केले. मालक काही बोलले नाहीत, रात्री तेही जागेच होते.

त्या वर्षी ‘वर्ल्ड सॉकर’ मासिकानं वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून माल्दिनीला निवडलं. डिफेंडरला तो मान पहिल्यांदाच मिळाला. बॅलन डी’ओर या युरोपातल्या मोठ्या बक्षिसाच्या यादीत तो तिसरा आला, पुढं स्टॉइचकोव्ह आणि बाज्जो. नऊ वर्षांनी, २००३ मध्ये, पस्तिशीत असताना तो पुन्हा तिसराच आला. पुढं नेडवेड आणि आन्री. दोन्ही वेळा पुढं फॉरवर्ड आणि मिडफिल्डर. मला याचा राग येतो, अजूनही येतो. चाळीस गोल मोजता येतात, न झालेले चाळीस गोल कोण मोजणार?

इटलीकडून त्याला शेवटपर्यंत काही मिळालं नाही. मार्च १९८८ मध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध तो पहिली मॅच खेळला आणि २००२ पर्यंत १२६ मॅच. वर्ल्ड कपमध्ये तो २,२१६ मिनिटं मैदानावर होता. हा विक्रम २०२२ च्या फायनलमध्ये मेस्सीनं मागं टाकेपर्यंत त्याचाच होता. आणि हरला कसा ते बघा. १९९० पेनल्टी. १९९४ पेनल्टी. १९९८ फ्रान्सविरुद्ध पेनल्टी, तेव्हा तर इटलीचे कोच त्याचे वडीलच होते. २००० ची युरो फायनल, त्रेझेगेचा गोल्डन गोल (एक्स्ट्रा टाईममध्ये पहिला गोल झाला की मॅच तिथंच संपली). चार वर्ल्ड कप खेळला आणि एकदाही नव्वद मिनिटांत बाहेर पडला नाही.

आता १८ जून २००२. कोरियात, डेजॉनला. आपल्याकडं संध्याकाळी पाचला सुरू झाली. मी फर्स्ट शिफ्ट करून थेट कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो, तिथं छोटा टीव्ही होता. नेस्टा जखमी, कान्नावारो सस्पेंड, म्हणजे परत तेच. माल्दिनी मध्ये. व्हिएरीनं अठराव्या मिनिटाला गोल केला, ८८ व्या मिनिटाला कोरियानं बरोबरी केली, एक्स्ट्रा टाईममध्ये तोत्तीला बाहेर काढलं. ११७ वं मिनिट. डावीकडून बॉल उंच आत आला. आन जंग-ह्वान आणि माल्दिनी अंगाला अंग लावून उभे होते. आन आधी उडाला. बस एवढंच. अर्धा सेकंद आधी. त्याच्या डोक्याला बॉल लागून कोपऱ्यात गेला, बुफॉन बघत राहिला, मॅच तिथंच संपली. गोल्डन गोलचा नियम होता ना, पुढं काही उरलंच नाही. माल्दिनी त्यानंतर इटलीकडून खेळला नाही.

टपरीवरचा एक जण म्हणाला, “म्हातारा झालाय तो.” मला त्याच्याशी भांडायचं होतं. नाही भांडलो. पैसे दिले आणि रंकाळ्यावर जाऊन अंधार पडेपर्यंत बसलो. चौदा वर्षांतले हजारो बॉल त्यानं डोक्यानं काढले होते आणि लोकांना हाच एक दिसणार हे मला माहीत होतं. मला ते फार जवळून माहीत होतं.

कारण १९९६ ची गोष्ट. आमची पेठ फायनलला. स्टेडियम इतकं भरलेलं की लोक भिंतीवर चढून बसले होते. समोरच्या टीमचा राईट विंगर मी तासभर धरून ठेवला होता. अण्णा त्या वेळी आजारी होते, मैदानावर नव्हते. तासाभरानंतर तो एकदा बाहेरून निघाला. मी त्याच्या कमरेकडं बघत होतो, बरोबर बघत होतो, बाहेर जाणार हे मला दिसलंही होतं. पण त्या क्षणी, सहा वर्षं भिंतीवर घासलेला डावा पाय सोडून माझा उजवा पाय मध्ये गेला. अर्धं पाऊल. त्यानं लाईनीवरून क्रॉस टाकला आणि मधल्या फॉरवर्डनं हेडर मारला. १-०, आणि तोच शेवटचा गोल. आमच्याच गॅलरीतून आवाज आला, “विकला गेला.” एकानं म्हटलं आणि मग पन्नास जण म्हणाले. ज्यांच्या घरी मी दिवाळीला फराळाला जायचो त्यांतले काही त्यात होते. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, “जेवून घे.” पुढची तीन वर्षं मी खेळलो, पण पेठेतून चालताना खाली बघूनच चालायचो.

म्हणून २००९ चा मे मला जास्त लागला. त्याआधी माल्दिनीनं काय नाही मिळवून दिलं मिलानला? सात लीग. आठ युरोपियन फायनल, त्यांतल्या पाच जिंकलेल्या. २००३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसविरुद्ध एकशेवीस मिनिटं ०-० आणि मग पेनल्टीवर कप. वडिलांनी इंग्लंडमध्येच उचलल्यावर बरोबर चाळीस वर्षांनी मुलानं कॅप्टन म्हणून तोच कप इंग्लंडमध्ये उचलला. लोकांना ती मॅच कंटाळवाणी वाटली होती. मी ती तीन वेळा पाहिली आहे. २००५ ला इस्तंबूलमध्ये त्यानं पहिल्याच मिनिटात पिर्लोच्या फ्री किकवर गोल मारला, उजव्या पायानं. हाफ टाईमला ३-० पुढं असलेली ती मॅच मिलान हरली, त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दोन वर्षांनी अथेन्सला त्याच लिव्हरपूलला हरवून, अडतिसाव्या वर्षी, दुखरा गुडघा घेऊन त्यानं पाचवा कप उचलला.

तर २४ मे २००९. सान सिरोवरची त्याची शेवटची मॅच, समोर रोमा. मिलान ३-२ हरली. मॅच संपल्यावर तो मैदानाला फेरी मारायला निघाला. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि गोलमागच्या स्टँडमधल्या कडव्या चाहत्यांच्या एका गटानं शिट्ट्या मारल्या, त्याच्याविरुद्ध फलक धरले आणि बारेसीच्या सहा नंबरच्या जर्सीचं भलंमोठं चित्र फडकवलं. तो वर्षानुवर्षं त्यांची हांजी हांजी करत बसला नाही, त्यांना तोंडावर सुनवायचा, याचा तो हिशेब होता. चाळीस वर्षांचा माणूस, एका क्लबसाठी चोवीस वर्षं, ९०२ मॅच. माझ्या बायकोनं विचारलं, “काय झालं? तुमच्या डोळ्यांत पाणी का?” मला उत्तर देता आलं नाही. तिला १९९६ मधलं काही माहीत नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

एका आठवड्यानं, ३१ मेला, त्याची अगदी शेवटची मॅच फ्लॉरेन्सला झाली. परक्या गावी. मिलान २-० नं जिंकली. तो बाहेर पडताना फिओरेंतिनाचे लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. ज्यांच्याविरुद्ध तो आयुष्यभर उभा राहिला ते लोक. तीन नंबरची जर्सी मिलाननं काढून ठेवली, फक्त त्याची मुलं क्लबच्या मुख्य टीममध्ये आली तरच ती पुन्हा वापरायची. धाकटा दानिएल आला खरा, पण तो पुढं खेळणारा, तीन नंबर त्यानं मागितला नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये स्पेझियाच्या मैदानावर त्यानं लीगमधला पहिला गोल केला, हेडरनं. पाओलो तेव्हा क्लबचा अधिकारी म्हणून स्टँडमध्ये बसलेला होता. कॅमेरा त्याच्याकडं वळला तेव्हा तो उठून उभा राहिला होता. तो व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्ये आहे.

गेल्या महिन्यात उद्यमनगरात एका दुकानात बेअरिंग आणायला गेलो होतो. काऊंटरवर तोच. १९९६ चा राईट विंगर. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण उभं राहायची ढब तीच. त्यानं ओळखलं, चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं, पोरं काय करतात, गुडघे कसे आहेत. मग तो म्हणाला, “एक विचारू काय? तू उजव्या पायाचास काय रे?”

मी म्हटलं, “हो.”

“मला तासभर कळलंच नाही,” तो म्हणाला. “आत आलो की तू होतासच, बाहेरून गेलो की होतासच. वाटलं डावखुराच हाय. त्या एका वेळी पाय बदललास तेव्हा कळलं.”

चहा गार झाला होता. त्यानं दुसरा मागवला.